सकाळी सातचा तारा

दीपमालाच्या फोनवर रोज सकाळी सातच्या सुमारास एक तारा पडायचा. बारीकशी किणकिण व्हायची, पडद्यावर पिवळा ठिपका उमटायचा आणि कोयनानगरच्या आरोग्य केंद्रात तिचे हात एवढासा वेळ थांबायचे. कुणाच्या दंडाला पट्टा बांधलेला असो की लसीचा डबा उघडलेला असो, ती ठिपका बघून घ्यायची आणि मग पुढं कामाला लागायची. नव्वदेक किलोमीटरवर, घाटाची वळणं उतरून, पाटण आणि कराड मागं टाकून, कुंडलच्या घरात मोरीपाशी उभं राहून तिच्या साडेपाच वर्षांच्या लेकीनं दात घासले, एवढाच त्या ताऱ्याचा अर्थ होता. दीपमालाला मात्र तो पुरायचा. दिवसभर पुरायचा.

दीपमाला मूळची आटपाडीकडची. टँकर आला की घागर घेऊन पळायचं आणि तिथंच रांगेत पुस्तक उघडायचं, असं तिचं शिक्षण झालं. सांगलीत राहून तिनं नर्सिंग केलं. लग्न होऊन कुंडलला आली तेव्हा नवरा मानसिंग फौजेत, वर्षातून दोनदा दिसणारा. घरात सासू तानुबाई आणि ऊस. सून सरकारी दवाखान्यात कंत्राटी नोकरीला निघाली तेव्हा भावकीतले चार जण ओट्यावर येऊन बसले. पाटलाच्या सुनेनं लोकांच्या जखमा पुसायच्या का, असा त्यांचा सवाल होता. दीपमाला आत पीठ मळत उभी होती. तानुबाईनं चहाचे कप त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "आमच्या घरात बंदुकीचा पगार चालतोय, मग सुईचा का चालायचा न्हाई?" भावकी चहा पिऊन उठली.

त्या दिवसापासून दीपमाला सासूला मनातल्या मनात सासू म्हणत नव्हती. तोंडानं 'आत्या' म्हणायची, आणि आपल्या आईला जे कधी सांगितलं नाही ते आत्याला सांगायची.

नऊ वर्षं कंत्राटावर काढल्यावर कायम होण्याची ऑर्डर आली ती कोयनानगरची. राजनंदिनी, म्हणजे नंदू, तेव्हा पाच वर्षांची होत होती. नोकरी घ्यावी तर पोर कुठं ठेवायची, सोडावी तर नऊ वर्षं पाण्यात. दोन दिवस दीपमाला जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तानुबाईनं तिचं ताट स्वतः वाढलं आणि म्हणाली, "तू जा. मी हाय न्हवं?" तेवढ्या शब्दावर ती कोयनेला गेली.

दसऱ्याच्या आधी साताऱ्याला एक प्रशिक्षण झालं, लहान मुलांच्या दातांविषयी. तिथं एका बाईंनी मोबाईलवरचं एक ॲप दाखवलं. फोन मुलाच्या तोंडासमोर उभा करायचा. पडद्यावर मुलाचा चेहरा दिसतो, पण त्याला खारीचे कान आणि गोंडेदार शेपटी लावलेली. मूल ब्रश फिरवायला लागलं की शेजारची खार नाचते. हात थांबला की खार रुसते. दोन मिनिटं झाली की आभाळातून तारा पडतो, आणि तोच तारा आईबापाच्या फोनवरही उमटतो, मग ते कुठं का असेनात. बाकीच्या बायका हसल्या. दीपमालाच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती पर्समध्ये काहीतरी शोधत बसली.

दसऱ्याला घरी आल्यावर तिनं मानसिंगचा जुना फोन मोरीवरच्या फळीवर ठेवला, मागं मिठाची बरणी टेकवली. तानुबाईला बटण कुठलं दाबायचं ते तीन वेळा दाखवलं. खारीचे कान लागलेले बघून नंदू एवढी हसली की पेस्ट नाकात गेली.

त्याच मुक्कामात आणखी एक गोष्ट झाली. तानुबाईला मिसरीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी करून कुटायची, डबीत भरायची, आणि सकाळ झाली की उंबऱ्यावर बसून बोटानं दातांवर चोळत राहायची. त्या भागात निम्म्या म्हाताऱ्यांची सकाळ अशीच उजाडते. त्या वेळी दीपमालानं सासूला उन्हात बसवून तोंड उघडायला लावलं, तर उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा. तिनं काही लपवलं नाही. असे चट्टे पुढं कॅन्सरकडं वळू शकतात ते सरळ सांगितलं. तानुबाईनं मग डबी चुलीत टाकली, नंदूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुटली म्हन आजपास्नं."

आणि तारे पडायला लागले.

दसऱ्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. तारा सहसा चुकला नाही. ताऱ्याखाली बारीक अक्षरात किती मिनिटं घासलं तेही यायचं. सुरुवातीला दोन असायची. मग चार, मग सहा. कधीकधी नऊसुद्धा. दीपमालानं ते बरोबरच्या नर्सला, सोनियाला दाखवलं, तेव्हा सोनिया म्हणाली, "नऊ मिनिटं? तुझी पोरगी दात घासती का भांडी?" दीपमाला हसली, पण आतून फुलली. गावोगाव आयांच्या बैठकी व्हायच्या त्यात ती आपला फोन फिरवायची. लांब राहूनही लेकराकडं लक्ष ठेवता येतं, हे बघा, माझंच बघा, असं सांगायची. बायका ताऱ्यांवरून बोट फिरवून फोन परत द्यायच्या.

जानेवारीपासून केंद्रात माणसं कमी पडली. पंधरा दिवसांनी होणारी घरची फेरी महिन्यावर गेली. संध्याकाळी अडखळत्या व्हिडिओ कॉलवर नंदू दिसायची, पुढचे चार दात पांढरे स्वच्छ. घरी गेली की सकाळी नंदू स्वतःहून फोनपुढं उभी राहायची आणि दीपमालाच्या डोळ्यांदेखत खार नाचवून दाखवायची. याहून जास्त काय बघायचं असतं?

होळीला आठ दिवसांची रजा मिळाली. दीपमाला न कळवता एक दिवस आधीच पोचली. नंदू पडवीत बसली होती, गालाभोवती आजीचा जुना स्कार्फ बांधून. घरभर लवंगेच्या तेलाचा वास होता. स्कार्फ सोडला तर डावा गाल लिंबाएवढा सुजलेला.

"कवापास्नं?" दीपमालानं विचारलं.

"कालपास्नं," तानुबाई म्हणाली.

नंदूनं आधी आजीकडं बघितलं. ते बघणं दीपमालाला टोचलं, पण त्या वेळी तिच्याकडं त्याचा अर्थ लावायला सवड नव्हती. तिनं पोर उचलली आणि पलूसला नेली.

तिथल्या दातांच्या डॉक्टर प्रियदर्शनी मगदूम तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी नंदूला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि एकेक दाढ आरशानं तपासली. मग हातमोजे काढता काढता म्हणाल्या, चार दाढा किडल्यात, एकीच्या मुळाशी गळू झालंय. हे कालचं नाही, महिन्यांचं आहे. घरी दात कोण घासून घेतं?

दीपमालानं फोन पुढं केला. दसऱ्यापासूनचे तारे. एवढ्या दिवसांत फक्त तीन खाडे. डॉक्टरांनी फोन बघितला, तिच्या कार्डावरचा हुद्दा बघितला.

"तुम्ही नर्स आहात. महिन्यातून एकदा तरी हिची दाढ बघितली असेल ना?"

दीपमालानं शेकडो पोरांच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं होतं. आपल्या पोरीचं फक्त हसू बघितलं होतं.

इंजेक्शनचा परिणाम होईपर्यंत नंदू तिच्या मांडीवर पेंगली. बाहेरच्या बाकावर बसून दीपमाला उगाच ॲपमध्ये बोटं फिरवत राहिली. त्यात पालकांचा म्हणून एक कोपरा होता. कोयनेच्या वसाहतीत रेंज अशी की तो उघडायला गेलं तर नुसतं चाक फिरत राहायचं. तिनं कधीच नाद सोडला होता. पलूसला रेंज भरपूर. कोपरा उघडला, आणि त्यात रोजच्या दिवसाची एक बारकी चित्रफीत ओळीनं मांडलेली निघाली.

पहिल्या अकरा दिवसांत नंदू होती. खारीचे कान, पेस्टचा फेस, हसू. बाराव्या दिवशी ब्रश दाढेकडं गेला आणि नंदू किंचाळली, फेस लाल झाला. मागून आजीचा हात आला आणि चित्र संपलं. तेराव्या दिवशी खारीचे कान तानुबाईच्या डोक्यावर होते.

दीपमालानं ते पुन्हा लावलं. पांढऱ्या केसांवर तपकिरी कान, सुरकुतलेल्या गालामागं हलणारी शेपटी, आणि तोंडात बोट. बोट काळं होतं. तानुबाई डोळे मिटून मिसरी चोळत होती, सावकाश, पोटभर, आणि शेजारी खार आनंदानं नाचत होती. ॲपला तोंडाशी फिरणारा हात हवा होता. तो ब्रशचा आहे की बोटाचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

चौदावा दिवस. पंधरावा. दिवाळीचा पाडवा. मार्गशीर्षातला एक गुरुवार. सहा मिनिटं, नऊ मिनिटं. मध्येच एखाद्या सकाळी नंदू, आणि ती तारीख दीपमाला घरी असल्याची. फेब्रुवारीतल्या एका फितीत मागून नंदूचा आवाज होता. "आज्जे, थांबू नगं, तारा पडायचाय अजून." मग किणकिण झाली. तानुबाईनं डोळे उघडले, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "पडला बघ आईचा तारा. जा आता खेळ."

आईचा तारा. देवापुढं नैवेद्य ठेवावा आणि ताट उचलून आपण जेवावं, तसा तो रोज वाढला जात होता. दीपमालाला आठवली प्रत्येक सकाळ, थांबलेले हात, आणि बायकांच्या घोळक्यात फिरलेला फोन. ज्या क्षणी ती स्वतःला लेकीच्या शेजारी उभी समजत होती, त्या क्षणी त्या दोघी तिला बाहेर ठेवून दार लावून घेत होत्या. तेही कडी न वाजवता.

दाढ काढून, कापसाचा बोळा दाबून ती घरी आली. नंदूला झोपवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन फोन तानुबाईपुढं धरला आणि एक फीत लावली. तानुबाईनं स्वतःला खारीच्या कानांत बघितलं. तिला कधी कळलंच नव्हतं की ते सारं आत साठवलं जातंय. तिला वाटायचं, आरशासारखं असेल, पुढून गेलं की गेलं.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतासा," दीपमाला म्हणाली.

तानुबाईनं पदर तोंडावर घेतला. मग तुटक तुटक सांगू लागली. पोर ब्रश बघितला की थरथरायची, रक्त यायचं, दाबून धरायला जीव होत नव्हता. एक दिवस तारा पडला नाही तर दुपारपर्यंत दीपमालाचे पाच फोन आले होते. मिसरी चार दिवस सुटली होती. पाचव्या दिवशी डोकं असं फिरलं की उंबऱ्यावरच पडली. मग एकदा फळीपाशी उभं राहून चोळत असताना तारा आपोआप पडला, आणि नंदू टाळ्या वाजवायला लागली.

"मला का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय व्हनार हुतं? तू नोकरी सोडून आली असतीस."

"ते माझं मी ठरवलं असतं, आत्या."

तानुबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही.

संध्याकाळी मानसिंगचा फोन आला. दीपमालानं सगळं सांगितलं. आईला खारीचे कान लागल्याचं ऐकून तो आधी हसला. मग ती हसत नाही हे लक्षात आल्यावर सावरून म्हणाला, एवढं मनावर घेऊ नको, मला वाटलं ते दिवाळीतच बंद झालं असेल.  म्हणजे त्याला माहीत होतं. दिवाळीला आईनं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानंच म्हटलं होतं की दीपाच्या कानावर घालू नको, एकटी असते तिकडं, उगा घोर लागेल. दीपमालानं फोन उशीवर ठेवला. पलीकडून तो हॅलो, हॅलो करत राहिला. तिला त्याचा राग आला नाही. राग येण्याएवढा तो जवळ वाटलाच नाही.

पुढचे दिवस घर नेहमीसारखं चाललं. होळी झाली, पोळ्या झाल्या. दीपमाला सासूशी बोलायची, पण आता प्रत्येक गोष्टीची खातरजमा करायची. पोर जेवली म्हटलं की ताट बघायची. औषध दिलं म्हटलं की बाटली उजेडात धरायची. तानुबाई ते बघायची आणि नजर फिरवायची. सकाळी दीपमाला नंदूला मांडीवर आडवी घेऊन स्वतः दात घासून द्यायची. नंदू तोंड उघडायची, पण डोळे घट्ट मिटून घ्यायची. दवाखान्यात अनोळखी बाईपुढं पोरं मिटतात, तसे.

रजा संपायच्या आदल्या दिवशी दीपमाला म्हणाली, "नंदूला घेऊन जाते."

तानुबाई तांदूळ निवडत होती. कोयनेला जमीन हलते, असं म्हणून ती एरवी नंदूला तिकडं नेऊ द्यायची नाही. आज ती उठली, नंदूचे फ्रॉक दोरीवरून काढले आणि एकेक घडी घालून पिशवीत भरले. वर बाहुली ठेवली. बाहुलीचा पाय बाहेर राहत होता, तो तिनं दोनतीनदा आत सारला.

सकाळी स्टँडवर निघताना नंदू आजीच्या कानाला लागली. आजीनं मान हलवली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. एसटी कराडच्या पुढं गेल्यावर दीपमालानं विचारलं, "काय म्हणली गं आज्जी?"

"सांगायचं न्हाई," नंदू म्हणाली आणि खिडकीला गाल टेकवून बसली. दीपमालानं पुन्हा विचारलं नाही. पण घाट चढेपर्यंत तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

कोयनानगरला नंदू अंगणवाडीत जायला लागली. सोनियाची पाळी दुपारची असली की ती नंदूला आणायची. सकाळी ब्रश दिसला की नंदू रडायची, आणि दात घासून झाल्यावर आणखी रडायची, कारण रडायचं खरं कारण तेव्हा बाहेर यायचं. आज्जी. दीपमाला तिला थोपटायची. ॲप तिनं दोन्ही फोनमधून काढून टाकलं होतं. ते काढताना 'तुमचे सर्व तारे पुसले जातील, चालेल का?' असं आलं, तिनं 'हो' दाबलं आणि त्या दिवशी चार सलाईनं लावली.

पाचव्या दिवशी दुपारी तानुबाईचा फोन आला. शेतावरचं दोन वाक्यांत उरकून तिनं विचारलं, "पोर रडली का गं?"

दीपमाला केंद्राच्या व्हरांड्यात उभी होती. न्हाई, मजेत हाय, म्हणता आलं असतं. एवढं खोटं कुणीही कुणाशी बोलतं, त्यानं म्हातारीचा दिवस निघाला असता. तिनं तसं म्हटलं नाही.

"रडली. रोज रडतीया. झोपेत बी तुमचंच नाव घेती."

हे बोल कुठं जाऊन लागणार ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच ती बोलली.  मग तानुबाई म्हणाली, "बरं झालं खरं सांगितलंस." आणि थोडं थांबून, "मी बी आज मिसरी लावली. दोनदा."

दीपमालानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यो चट्टा वाढलाय, दीपा. तिखट लागलं की आग व्हती."

"कवापास्नं?"

"संक्रांतीपास्नं."

आतून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. दीपमालानं हातानंच थांबा म्हणून सांगितलं. तिला संक्रांतीचा दिवस आठवला. त्या दिवशी तिळगूळ हातावर ठेवताना आत्या हसली होती, आणि आग होत असतानाही तिळाची वडी तिनं चावून खाल्ली होती, सगळी, दीपमालाच्या देखत.

"गुरुवारी पलूसला जावा. मगदूम डॉक्टरांस्नी तोंड दाखवा. मी त्यांना फोन करून ठेवते. उद्यावर ढकलू नका."

"जाते." मग आवाज खाली गेला. "तू येशील का गं संगं?"

गुरुवारची रजा मागितली असती तर मिळाली असती. सोनिया पाळी बदलून द्यायला तयारच असायची. पहाटेच्या गाडीनं निघून दुपारी दवाखान्यात पोचता आलं असतं, म्हातारीचा हात धरून तिला त्या खुर्चीत बसवता आलं असतं. हे सगळं दीपमालाच्या मनात सरळ, नीट उभं राहिलं. दहाएक वर्षांमागं भावकीपुढं चहाचे कप ठेवणारी बाई विचारत होती, आणि तिला हो म्हणायला जीभ उचलत नव्हती.

"बघते," ती म्हणाली.